वाट बघणारा पतंग

तुम्ही हे शनिवार-रविवारी वाचत असाल तर अंगात बहुतेक एखादा जुना सुती टीशर्ट असेल. तो कापूस कुठेही पिकलेला असो, एका पतंगाने त्यात कधी ना कधी वाटा मागितलेला असतोच. पतंग म्हणजे मांजावाला नव्हे, ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारा. मातकट करडा रंग, पंख पसरले तरी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. भिंतीवर बसला तर कोणी ढुंकूनही बघणार नाही. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. गॉसिपियम म्हणजे कापूस, तेव्हा गॉसिपिएलाचं मराठी 'कापूसवाली' असं करायला हरकत नाही. आपल्याकडे मात्र या पतंगाला कोणी ओळखत नाही, ओळखतात ते त्याच्या अळीला. गुलाबी बोंडअळी. जुने लोक शेंदरी बोंडअळी म्हणतात.

२०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भ-मराठवाड्यात जो धुमाकूळ घातला तो शहरातल्या पेपरांत चार दिवस छापून आला आणि मग आपण विसरलो. त्यानंतर वर्षभरातच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केलं की आमच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपली. कमी झाली असं नव्हे, संपली! म्हणजे आपल्याकडे ती जिंकली आणि जवळजवळ त्याच सुमारास तिकडे हरली. पतंग तोच. बियाण्यात घातलेलं जनुकही तेच. मग आउटपुट इतकं वेगळं कसं?

इनपुट सारखं आणि आउटपुट वेगळं म्हटलं की आपल्या जमातीचे कान टवकारतात. :) कुठलं तरी व्हेरिएबल नजरेतून सुटलंय. ते शोधायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं. पण आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथेच आहे.

मादी रात्री अंडी घालते, शंभर-दोनशे तरी. पात्यांवर, कळ्यांवर, कोवळ्या बोंडांवर. चार-पाच दिवसांत अंड्यातून केसासारखी बारीक पांढरी अळी निघते आणि तास-दोन तासांत आत शिरते. पानावर बागडणं वगैरे प्रकार नाही. शिरताना पाडलेलं भोक बोंड वाढता वाढता बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणटणीत. (लॉगमध्ये एकही एरर नाही आणि आत डेटाबेस कुरतडला जातोय, असं समजा.) कळीत शिरली तर ती तोंडातल्या रेशमाने पाकळ्या एकमेकींना बांधून टाकते. फूल उमलतच नाही, मिटलेल्या गुलाबासारखं दिसत राहतं. याला शेतकरी डोमकळी म्हणतात.

गंमत म्हणजे तिला कापूस नकोच असतो. तिला हवी असते सरकी, कारण तेल आणि प्रथिनं तिथे असतात. सरकीपर्यंत पोचताना वाटेतला धागा कापला जातो, डागाळतो, आणि बोंड धड फुटत नाही. अशा पिवळट, चिकटलेल्या कापसाला कवडी म्हणतात, आणि भावही नावाला साजेसाच मिळतो. अळी चौथ्या अवस्थेत गुलाबी होते, बोंडाला गोल भोक पाडून बाहेर पडते, मातीत कोष करते आणि आठवड्याभरात पतंग. एक पिढी साधारण महिन्याची. फवारणी करायची ती कोणावर? ती बाहेर असते फक्त अंड्यातून बोंडात जाईपर्यंत, नाहीतर पूर्ण वाढल्यावर.

आता महत्त्वाचं. हिवाळ्यात दिवस लहान झाले, रात्री गार पडायला लागल्या की शेवटच्या पिढीतल्या पुष्कळशा अळ्या कोष करायच्या भानगडीत पडत नाहीत. दोन सरक्या धाग्याने जोडायच्या, मधल्या पोकळीत शिरायचं आणि झोपायचं. खाणं बंद, वाढ बंद. शास्त्रज्ञ याला सुप्तावस्था म्हणतात. काही महिने सहज जातात, आणि कोरड्या साठवलेल्या सरकीत तर वर्षाहून जास्त काळ तग धरल्याची उदाहरणं आहेत. या पतंगाचं कापसाशिवाय दुसरीकडे फारसं जमत नाही. भेंडी, अंबाडी अशा भाऊबंदांवर थोडंफार भागतं, इतकंच. आणि शेतात कापूस तर वर्षभर नसतो. त्यामुळे पुढचा कापूस येईपर्यंत वाट बघता येणं हे त्याचं सगळ्यात मोठं हत्यार. आणि ही वाट तो बघतो कुठे? माणूस जी वस्तू जपून पोत्यात भरतो आणि दूरदेशी पाठवतो, तिच्याच आत.

आता इतिहास.

१८४० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीला एका गोष्टीची घाई झाली होती. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकन कापसावर चालत, आणि एकाच पुरवठादारावर इतकं अवलंबून राहणं इंग्रजांना धोक्याचं वाटत होतं. भारतातला देशी कापूस आखूड धाग्याचा, त्यांच्या यंत्रांना तो फारसा मानवत नसे. म्हणून कंपनीने अमेरिकेतून अनुभवी मळेवाले बोलावले आणि इथल्या मातीत अमेरिकन कापूस रुजवायचे प्रयोग सुरू केले. गुजरातेतलं भडोच हे त्यातलं एक ठिकाण. १८४२ मध्ये तिथल्या सरकारी मळ्यावरच्या अमेरिकन कापसाचं एका अळीने वाटोळं केलं. मळ्याच्या अधिकाऱ्याने नमुने लंडनला पाठवले आणि १८४३ मध्ये विल्यम विल्सन सॉन्डर्स यांनी या पतंगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं.

हे सॉन्डर्स पेशाने कोण होते? लॉइड्समधले विमावाले! कीटकशास्त्र हा त्यांचा छंद. वीकेंडला काहीतरी उद्योग करणाऱ्यांना आदर्श म्हणून हा माणूस चांगला आहे. ज्या जहाजी व्यापाराच्या विम्यावर लॉइड्स उभं राहिलं, त्याच व्यापाराच्या पोत्यांत बसून हा पतंग पुढे जग फिरणार होता. पण हे कळायला अजून साठ वर्षं होती.

१९०६-०७ मध्ये भारतातून इजिप्तला सरकीसकट कापूस गेला, आणि त्यासोबत झोपलेले पाहुणेही. नाईलच्या काठी काळजीपूर्वक ओलीत केलेला लांब धाग्याचा उत्तम कापूस, तोही मैलोन्मैल सलग. पाहुण्यांना आणखी काय हवं? चार-पाच वर्षांत इजिप्त हैराण झाला. पण इजिप्शियन कापसाची ख्याती अशी की बियाण्याला जगभरातून मागणी. १९११ च्या आसपास ते बियाणं मेक्सिकोत गेलं, ब्राझीलमध्ये गेलं. पतंगही गेला. अमेरिका सावध झाली, मेक्सिकोच्या सरकीवर बंदी घातली. पण बंदीच्या आधी टेक्सासमधल्या हर्न गावच्या तेलघाण्यात मेक्सिकन सरकी येऊन पडली होती. सप्टेंबर १९१७ मध्ये त्याच गावाजवळच्या शेतात पहिली अळी सापडली. भडोच ते टेक्सास हा अख्खा प्रवास त्याने पंख न हलवता केला!

म्हणजे 'जगभर पसरलेला पतंग' असं आपण म्हणतो तेव्हा त्या वाक्याचा कर्ता जरा चुकलेला असतो. त्याला पसरवला बियाण्याच्या व्यापाराने.

पण एक गोष्ट मानायला हवी. त्या काळातल्या लोकांना उपायही लवकर सापडला होता. जो प्राणी फक्त कापसावर जगतो त्याला काही महिने कापूस दिसूच द्यायचा नाही, आणि तो जिथे झोपतो ती जागा जाळून किंवा गाडून टाकायची. टेक्सासच्या काही भागांत तर कापूस लावायलाच बंदी झाली. इजिप्तने हंगामानंतर झाडावर उरलेली बोंडं नष्ट करायचे कायदे केले. आपल्याकडे मद्रास प्रांतात १९१९ मध्ये पीक-कीड कायदा झाला आणि त्याखाली कंबोडिया कापसाची झाडं ठराविक तारखेच्या आत उपटायची सक्ती आली. एकट्या-दुकट्याने करून उपयोग नाही हे सगळ्यांना कळत होतं. मी माझं शेत साफ केलं आणि शेजाऱ्याने पऱ्हाटी उभी ठेवली, तर त्याचे पतंग माझ्याकडे येणारच. पतंगाला सातबारा वाचता येत नाही.

यापुढे शतकभर ही लढाई रेंगाळत चालली. १९६० च्या दशकात पतंग ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात पक्का बसला. १९७३ मध्ये मादीच्या गंधाचं रसायन ओळखलं गेलं. तोच गंध कृत्रिमरीत्या बनवून कामगंध सापळे आले. पण खरा बदल १९९६ मध्ये, बीटी कापसाने.

बीटीची कल्पना सोपी आहे. मातीतल्या एका जिवाणूत एक विषारी प्रथिन असतं. ते अळीच्या आतड्यातल्या एका विशिष्ट रेणूला, कुलपात किल्ली बसावी तसं चिकटतं आणि आतड्याला भोकं पडतात. हे प्रथिन बनवणारं जनुक कापसात घातलं की झाडच विष तयार करतं. बोंडात लपून उपयोग नाही, कारण बोंडच विष. अमेरिकेत १९९६ ला आणि भारतात मार्च २००२ ला परवानगी मिळाली.

पण हजारो अळ्यांत एखादी अशी असते की जिचं कुलूपच बिघडलेलं. किल्ली बसत नाही, ती वाचते. अशा दोन वाचलेल्यांचं जमलं की पुढची पिढी अख्खी वाचणारी. म्हणून नियम केला की शेताच्या काही भागात साधा, बिनविषारी कापूस लावायचा. तिथे साधे पतंग भरपूर निपजतील, वाचलेल्या विरळ पतंगांशी त्यांचं लग्न लागेल आणि त्यांची पोरं विषाला बळी पडतील. म्हणजे शत्रूला मुद्दाम थोडं खायला घालायचं! यालाच आश्रय पीक किंवा रेफ्युजी म्हणतात.

ॲरिझोनामध्ये १९९७ लाच शेतातून गोळा केलेल्या अळ्यांत ही बिघडलेल्या कुलपाची जनुकं सापडली होती. म्हणजे तयारी तिथेही पूर्ण होती. पण शेतकऱ्यांनी आश्रय पीक लावलं, शास्त्रज्ञांनी दरवर्षी तपासणी केली आणि दहा वर्षं प्रतिकार वाढला नाही. मग २००६ पासून त्यांनी शेवटचा घाव घातला. फिनिक्सच्या कारखान्यात पतंग वाढवायचे, किरणोत्साराने निर्बीज करायचे आणि विमानातून शेतांवर सोडायचे. अब्जावधी! त्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असे, म्हणजे सापळ्यात सापडलेला पतंग 'आपला' की 'त्यांचा' हे लगेच कळावं. (टेस्ट डेटा आणि प्रॉडक्शन डेटा वेगळा ओळखायची याहून सुंदर पद्धत मी पाहिलेली नाही.) सोबत बीटी, गंध, आणि ठराविक तारखेला शेत नांगरून टाकणं. सीमेपलीकडे मेक्सिकोही सामील. बारा वर्षांनी अळी संपली.

आणि आपण?

आपल्याकडे सुरुवात झकास झाली. त्या वेळचा मोठा शत्रू होता हिरवी बोंडअळी. ती आटोक्यात आली, फवारण्या घटल्या, उत्पादन वाढलं. २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. दशकभरात देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाला. नियमाप्रमाणे पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल तितक्यात साधा कापूस लावायचा होता. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट मिळायचं. ते बहुतेकांनी लावलंच नाही. चटकन दोष द्यावासा वाटतो, पण विचार करा. दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन, डोक्यावर कर्ज, आणि कोणीतरी सांगतंय की पाचवा हिस्सा अळीला खायला ठेव. का? तर दहा वर्षांनी देशाचा फायदा होईल म्हणून. त्यात त्या पाकिटातल्या बियाण्याचा दर्जाही पुष्कळदा यथातथाच. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? डेडलाइन डोक्यावर असताना टेस्ट केसेस लिहिणारे किती जण आहेत, हात वर करा!

दुसरी गोष्ट जास्त खोलवरची. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कापूस सरळ वाणांमध्ये आला, आपल्याकडे जवळजवळ सगळा संकरित वाणांमध्ये. संकरित बियाणं पुढच्या वर्षी घरचं वापरता येत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं, त्यामुळे कंपन्यांना हे सोयीचं. पण त्याचे दोन परिणाम झाले. एक, या संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात. शाळेतला मेंडेल आठवा. एका जनुकापुरतं बघितलं तर चारातल्या एका सरकीत विष नसतंच. म्हणजे एकाच बोंडात अळीला विषारी आणि बिनविषारी घास आलटून पालटून मिळतात. याने ती मरण्याऐवजी तयार होत जाते, असं आपल्याकडच्या कापूस-शास्त्रज्ञांनी सांगितलंय. दोन, हे वाण लांब मुदतीचे, सहा-सहा महिने चालणारे. पाणी असेल तर डिसेंबरनंतरही झाड तोडायचं नाही, आणखी एक-दोन वेचे घ्यायचे. याला म्हणतात फरदड. माझ्या टीममधला एक जण यवतमाळकडचा आहे. जानेवारीत घरी फोन करून त्याने विचारलं, पऱ्हाटी उपटली का? तर वडील म्हणाले, "भाव आला तं ठेवू ना बाप्पा!" त्यांचंही चूक नाही. खरिपाच्या नुकसानीत तेवढाच हातभार.

पण पतंगाच्या बाजूने बघा. जिथे त्याला चार महिने उपाशी वाट बघायला हवी होती, तिथे आपण फेब्रुवारी-मार्चपर्यंत पंगत चालू ठेवली. उरलेली पऱ्हाटी बांधावर रचली, चुलीसाठी. जिनिंगच्या आवारात सरकीचे ढीग. आणि काही ठिकाणी तर मे महिन्यातच नवी लागवड. त्याची वाट बघायची मुदत आपणच कमी करत आणली.

२००८ मध्ये गुजरातेतल्या अमरेलीकडून आणलेल्या अळ्या पहिल्या जनुकाला दाद देत नाहीत हे प्रयोगशाळेत दिसलं, आणि २०१० मध्ये बियाणं कंपनीनेही ते मान्य केलं. २०१५ च्या आसपास दुसरं जनुकही निकामी. २०१७ ला महाराष्ट्र. पुढे जनुकं तपासली तेव्हा भारतातल्या शेतांमध्ये तेच कुलूप एक-दोन नव्हे, अनेक वेगवेगळ्या प्रकारांनी मोडलेलं सापडलं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या फवारण्या सगळ्याच काही याच अळीसाठी नव्हत्या. पण ज्या बियाण्याने फवारणी कमी व्हायची होती, त्याच कापसाच्या शेतात माणसं फवारणीने मेली, हे विसरून चालणार नाही.

चीनची गोष्ट तर अजब. यांगत्से खोऱ्यात तिथल्या शेतकऱ्यांनी २०१० नंतर संकरित कापसाच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं लावायला सुरुवात केली, निव्वळ स्वस्त पडतं म्हणून. त्यात साधारण पाव झाडं बिनविषारी निघाली. म्हणजे आश्रय पीक आपोआप, शेतभर विखुरलेलं. वाढायला लागलेला प्रतिकार तिथे उलट घटला! मेंडेलचा तोच हिशेब. आपल्याकडे तो बोंडाच्या आत लागू झाला, त्यांच्याकडे झाडाझाडांत. अळी एका बोंडात राहते, शेतभर हिंडत नाही. त्यामुळे बिनविषारी झाडावरच्या अळीला तिकडे विष जवळजवळ मिळालंच नाही.

इतिहासाला पुनरावृत्तीची हौस असते म्हणतात. २०१८ च्या सुमारास, तोवर सुरक्षित असलेल्या हरियाणा-पंजाबात ही अळी दिसली. कुठे? जिनिंग आणि तेलगिरण्यांच्या आसपासच्या शेतांत, जिथे इतर राज्यांतली सरकी येत होती. हर्न गावच्या तेलघाण्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी. २०२१ मध्ये बठिंडा, मानसा भागात मोठं नुकसान झालं.

तर ते सुटलेलं व्हेरिएबल कोणतं? माझ्या मते, तारीख. सगळ्यांनी एका ठराविक तारखेनंतर शेतात कापूस ठेवायचा नाही आणि एका ठराविक तारखेआधी लावायचा नाही, हे साधं बंधन. अमेरिकेत थोडे, मोठे, ओलिताचे शेतकरी. त्यांना ते जमवणं सोपं होतं, आणि त्यासाठी पैसाही ओतला गेला. आपल्याकडे एकट्या महाराष्ट्रात सुमारे चाळीस लाख हेक्टर कापूस, बहुतेक पावसावरचा, लाखो छोट्या तुकड्यांत. इथे तारीख पाळायची तर ती पाळणं शेतकऱ्याला परवडलं पाहिजे. लवकर तयार होणारे सरळ वाण हवेत, डिसेंबरपर्यंत पदरात पडणारा भाव हवा, रब्बीचं दुसरं पीक घ्यायला पाणी हवं. गेल्या काही वर्षांत राज्याच्या कृषी खात्याने मे महिन्यात बियाण्याची विक्री रोखून धरली, फरदड घेऊ नका म्हणून मोहिमा काढल्या. दिशा बरोबर आहे. पण नुसत्या आदेशाने हे होणार नाही, कारण फरदड ठेवणारा माणूस अडाणीपणाने ठेवत नाही, हिशेब करूनच ठेवतो. बदलायचा आहे तो हिशेब.

१९१९ साली मद्रासेत जे कळलं होतं ते पाकिटातल्या जनुकाने अनावश्यक होईल, असं आपण धरून चाललो. जनुक चांगलंच होतं. त्याने आपल्याला पंधराएक वर्षं मिळवून दिली. त्या वर्षांत काय करायचं हे आपण ठरवायचं होतं, आणि ते ठरवायच्या आधीच वर्षं संपली. पतंगाला घाई नव्हती.

असो. बाहेर गुलाबी थंडी पडली की या वर्षी एक करून बघा. कोणी कापूसवाला ओळखीचा असेल तर त्याला विचारा, पऱ्हाटी उपटली का? आणि नाही म्हणाला, तर का नाही, तेही विचारा. खरी माहिती त्या दुसऱ्या उत्तरात मिळेल.